अव्वाचं कानडी गाणं

इस्लामपूर ओलांडल्यावर आम्ही चहाला थांबलो आणि तिथंच सांगलीहून आयोजकांचा फोन आला. अल्बम आल्यानंतरचा माझा पहिला मोठा कार्यक्रम त्या संध्याकाळी सांगलीत होता.

"ताई, जरा अडचण हाय. ते कानडी गाणं आज नको. सकाळधरनं फोन येत्यात. म्हणलं तर स्टेजवर चढतो म्हणत्यात."

"अहो, पण पोस्टरवर त्याच गाण्याची ओळ छापलीय तुम्ही."

"छापली तवा सीमेचं असलं काय पेटलं न्हवतं, ताई."

फोन ठेवला. गाडीत मागच्या सीटवर आई बसली होती. तिला आम्ही अव्वा म्हणतो. ते गाणं तिचंच होतं.

अव्वा सीमेपलीकडची. लग्न होऊन जत तालुक्यात आली. वडिलांची मेंढरं. वडील मराठी बोलायचे, अव्वा कानडी, आणि थोरला भाऊ फौजेतून सुट्टीवर आला की हिंदी घेऊन यायचा. आमच्या घरात भांडण एका भाषेत सुरू व्हायचं आणि दुसऱ्या भाषेत मिटायचं. अव्वा मराठी शिकली, पण बाई आणि पुरुष यांचा तिचा गोंधळ काही सुटला नाही. बाभळसुद्धा 'तो' असायची.

एखादी मेंढी व्याली आणि पिल्लाला जवळ घेईना, लाथा मारायला लागली, की अव्वा तिचं डोकं मांडीत धरून बसायची आणि गायची. 'बा मरी बा.' ये पिल्ला, ये. मेंढी शांत होईपर्यंत तिचं गाणं थांबायचं नाही.

पुढं मी साताऱ्याच्या एका शाळेत संगीत शिकवू लागले. तिथं एका स्पर्धेला कोरेगावचा एक संगीतकार परीक्षक म्हणून आला होता. त्याच्या माडीवर आम्ही तिन्ही भाषांतली गाणी रेकॉर्ड केली. भिंतींना गाद्या लावलेल्या. रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गेला की थांबायचं, धुरळा बसला की पुन्हा सुरू. अल्बम आला आणि कितीतरी महिने कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग कुणीतरी आपल्या आजारी वासराच्या व्हिडिओला 'बा मरी बा' लावलं आणि ते सुटलंच. ज्या ट्रॅक्टरांपायी आमचं रेकॉर्डिंग थांबायचं, त्यांच्यावरच ते वाजू लागलं. बेंगळुरूहून, मुंबईहून फोन येऊ लागले. मी शाळेतून बिनपगारी रजा घेतली.

"आजच्या दिवस वगळू या," आमच्याबरोबर निघालेला संगीतकार चहा पिता पिता म्हणाला. "आत्ता कुठं नाव होतंय."

माझा चुलतभाऊ ढोल वाजवतो. तो म्हणाला, "मग ढोल तरी कशाला आणलाय? गाडीतच ठेवतो."

"काय म्हणतोय फोनवाला?" अव्वानं विचारलं.

"वेळ विचारत होते," मी म्हणाले. ती माझ्याकडं बघत राहिली. चहाचे पैसे देऊन आम्ही सांगलीकडं निघालो.

मैदान भरलं होतं. साउंडवाल्याच्या टेबलाशी पाच-सहा जण हाताची घडी घालून उभे होते. त्यांच्यातला एकही खुर्चीवर बसत नव्हता. स्टेजच्या पायरीशी एक हवालदार होता. मी मराठी गाणी म्हटली, भावाकडून शिकलेलं हिंदी म्हटलं. टाळ्या पडत होत्या, पण माझं लक्ष त्या टेबलाकडंच. पाणी प्यायला वळले तर आयोजक पडद्याआडून हातानं 'नको, नको' करत होते.

तेवढ्यात पुढून एक बाई ओरडली, "बा मरी होऊ द्या!"

"कानडी नको!" मागून आवाज आला. मग दोन्हीकडून आरडाओरडा. खुर्च्या सरकल्या. एक माणूस पोराला खांद्यावर घेऊन बाहेर पडला. अव्वा पहिल्या रांगेत होती. पदर डोक्यावर, हात मांडीवर. आजूबाजूच्या बायका उठून मागं बघत होत्या. ती हलली नाही. तिला सगळं समजलं होतं.

मला काय झालं कुणास ठाऊक. माइक तोंडापाशी होता हे विसरून मी तिला विचारलं, "अव्वा, हाडला?" गाऊ का?

सगळ्या मैदानाला ते ऐकू गेलं. अव्वानं मान हलवली.

मी सुरुवात केली. पहिल्या ओळीलाच पाण्याची बाटली आली आणि ढोलावर आदळली. चुलतभाऊ थांबला. मी ढोलाशिवाय तशीच गात राहिले. टेबलाजवळचा एक जण पायऱ्या चढू लागला. हवालदारानं त्याचा दंड धरला, तरी तो वर येतच होता. संगीतकार कीबोर्ड सोडून उठला आणि त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. वगळू या म्हणणारा तोच. दुसरं कडवं मी नुसतं पळवलं, एक सूर तर साफ चुकला.

मग पुढच्या बायकांनी 'बा मरी बा' उचललं. सगळ्यांनी नाही. कितीतरी जण गप्प उभे होते. पण आवाज एवढा झाला की तो माणूस पायरीवरच थबकला. मग हवालदार त्याला खाली घेऊन गेला. चुलतभावानं पुन्हा ढोल धरला. गाणं पुरं झालं.

"तुमी मारलंसा मला, ताई," आयोजक कपाळ पुसत म्हणाले. "उद्या मला ह्याच गावात ऱ्हायचंय." मग म्हणाले, "पर गायलासा मातर..."

गाडीत अव्वा एवढंच म्हणाली, "दुसऱ्या कडव्यात पळालीस तू. असं गायलं तर मेंढी उठून गेला असता."

त्या गाण्याचा व्हिडिओ कुणीतरी टाकला आणि अल्बम कुठच्या कुठं पोचला. लोक मला रस्त्यात ओळखू लागले. शाळेची नोकरी सुटली. मग सीमेपलीकडच्या एका मोठ्या गावातून बोलावणं आलं, अव्वाच्या माहेराजवळचंच. बोलता बोलता तिकडचा माणूस म्हणाला, "मराठी ब्याडा." मराठी नको.

मी म्हणाले, मग मी येत नाही. माझ्या जागी त्यांनी दुसऱ्या गायिकेला बोलावलं. मला त्याचं वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

अव्वाला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. "तिकडचा पण नको म्हणतो?" एवढंच विचारलं तिनं. हात धुतले, माझ्याकडून फोन लावून घेतला आणि तिकडं राहणाऱ्या आपल्या भावाशी कानडीतून कडाकडा भांडली. मामाचा त्यात काहीही संबंध नव्हता.