गुलाबी गाडीचा क्लेम

जोतिबाच्या डोंगरावर आमच्या गाडीवर सासनकाठी पडली तेव्हा मी देवळात होते, नवरा माझ्या मागं रांगेत होता आणि देव कामात होता. त्यामुळं ज्यांची काठी होती ती मंडळी सोडली, तर साक्षीदार म्हणावं असं कोणी नव्हतं.

यात्रा होऊन गेल्यानंतरचा रविवार होता. एका गावची मंडळी आपली काठी, म्हणजे देवापुढं नाचवतात तो सजवलेला उंचच्या उंच बांबू, टेम्पोला टेकवून चहा प्यायला गेली होती. काठी घसरली आणि आमच्या पांढऱ्या गाडीच्या टपावर आडवी झाली. टप आत गेला, मागच्या काचेचा भुगा झाला. आम्ही आलो तेव्हा त्यांच्यातले एक फेटेवाले आजोबा गाडीपाशी उभे होते.

"पावणं, गाडी हितं लावत्यात व्हय?"

"पार्किंगचा बोर्ड हाय की हितं," नवरा म्हणाला.

"बोर्ड हाय खरं. पण देवाची काठी हाय ही. पडली म्हंजे आशीर्वाद समजायचा."

"आशीर्वाद मागच्या काचेतनं आलाय."

आजोबा ओशाळले. भरपाई म्हणून त्यांनी आमच्या हातावर खोबऱ्याच्या चार वाट्या ठेवल्या आणि गाडीवर आणखी दोन मुठी गुलाल उधळला. आणखी अशासाठी म्हणते, की दिवसभर उधळलेला गुलाल तिच्यावर आधीच बोटभर बसला होता. घाट उतरताना वळवाची एक सर आली आणि त्या गुलालाचं सारवण झालं. राजारामपुरीत घरी पोचेपर्यंत आमची गाडी पोटदुखीच्या औषधासारखी गुलाबी झाली होती.

मी कॉम्प्युटरचे क्लास घेते. कागद घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या माणसांची मला कीव यायची. नवऱ्याचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि तो अजून प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स काढतो. त्या संध्याकाळी तो विम्याची फाइल शोधायला लागला तेव्हा मी म्हटलं, "फाइल राहू दे. ॲपवर पाच मिनिटांत क्लेम होतो."

पाचव्या मिनिटाला मी 'अपघाताचे कारण' या रकान्यावर होते. तिथं यादी होती: दुसरं वाहन, भिंत, झाड, जनावर, पूर, इतर. 'इतर' निवडलं तर इंग्रजीत वर्णन मागत होतं. सासनकाठीला इंग्रजीत काय म्हणायचं ते मला येईना, म्हणून मी लांब बांबू असं लिहिलं. ॲपनं लगेच विचारलं, झाड का? मी नाही म्हटलं. बांबू गवतात मोडतो हे मला माहीत होतं आणि ॲपला नव्हतं, याचा मला थोडा गर्वही झाला.

मग गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढायचा होता. काढला. दोन मिनिटांत उत्तर आलं: वाहनाचा रंग नोंदणीशी जुळत नाही, क्लेम नाकारला आहे.

मी हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडचा मुलगा गोड आवाजाचा होता.

"मॅम, तुमची गाडी नोंदणीत पांढरी आहे."

"गाडी पांढरीच आहे. वर गुलाल आहे. धुऊन परत व्हिडिओ काढू का?"

"नाही मॅम. सर्वेक्षण होईपर्यंत गाडीत काही बदल करू नका. तसा नियम आहे."

"मग गुलालासकट व्हिडिओ चालेल?"

"नाही मॅम. रंग जुळायला हवा."

"म्हणजे मी नेमकं काय करायचं?"

तो म्हणाला, "मॅम, आणखी काही मदत करू शकतो का?"

गाडी आठवडाभर गल्लीत तशीच उभी राहिली. काचेच्या जागी नवऱ्यानं दुकानातला प्लास्टिकचा कागद चिकटवला. क्लासची पोरं तिच्यापुढं फोटो काढायची. शेजारच्या काकू सकाळी तुळशीला पाणी घालून झालं की जाता जाता गाडीलाही हात जोडायच्या. मी एकदा त्यांना म्हटलं, "काकू, ती विम्यात अडकलीय." त्या म्हणाल्या, "मग तर नमस्कार पायजेच की."

नवरा फक्त रोज रात्री जेवताना विचारायचा, "पाच मिनिटं झाली का?"

शेवटी मी विमा नियामकाच्या साइटवर तक्रार केली. तिथंही सगळं भरायचंच होतं, वर गॅरेजवाल्याला घरी बोलावून घेतलेला खर्चाचा अंदाजही जोडायचा होता. पण तक्रार गेली आणि ठरावीक दिवसांत कंपनीला उत्तर देणं भाग आहे, असा मेसेज आला. माझा विश्वास नव्हता. तिसऱ्या दिवशी कंपनीतून एका बाईंचा फोन आला. आवाजावरून त्या कुणावर तरी चिडून फोनवर आल्यासारख्या वाटल्या.

त्या म्हणाल्या, "तुमच्या गॅरेजनं खर्चाचा जो अंदाज दिलाय, तेवढ्या रकमेला ॲपवर निकाल देताच येत नाही. परवानाधारक सर्व्हेअरनं येऊन बघावं लागतं. नियमच आहे."

"मग हे ॲपनं पहिल्या दिवशी का नाही सांगितलं?"

"ॲपमध्ये आधी नाकारलं गेलं, म्हणून ते पुढच्या टप्प्याला गेलंच नाही."

दुसऱ्या दिवशी सर्व्हेअर स्कूटरवरून आले. साठीचे असावेत. शर्टाच्या खिशात तीन पेनं, खांद्याला पिशवी. त्यांनी पायताण काढून गाडीवरून एक बोट फिरवलं, ते कपाळाला लावलं आणि मग पायताण परत पायात सरकवून कामाला लागले.

"जोतिबाचा दिसतोय," ते म्हणाले.

"ॲपला नाही दिसला," मी म्हटलं.

त्यांनी फोन काढला. त्यांच्याकडंही ॲपच होतं. फोटो काढला की जागा आणि वेळ आपोआप छापली जायची. पहिल्याच फोटोला त्यांचं ॲपही अडलं: नंबरप्लेट वाचता येत नाही. मला आतून गुदगुल्या झाल्या. त्यांनी खिशातला रुमाल काढून प्लेट पुसली.

"बदल करायचा नाही ना?" मी विचारलं.

"नुकसानीत बदल करायचा न्हाय, ताई. नंबरप्लेटला काय लागलंय?"

इतके दिवस मी त्या गाडीभोवती फिरत होते. एवढं मला सुचलं नव्हतं.

चहा पिताना मी माझी भडास काढली. एवढे नियम कशाला, मशीनला नीट शिकवलं तर माणूस लागतोय कशाला, वगैरे. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "हे जागा-वेळ छापणारं यायच्या आधी एकच फुटका बंपर मी पाच क्लेममध्ये बघितलाय. फोटो जिल्हाभर फिरायचा. तवा हे आलं ते बेस झालं. पण रंग जुळत न्हाय म्हणून मशीननं न्हाय म्हणायचं आणि विषय संपवायचा, हे न्हाय चालत. कुणीतरी खाली वाकून बघायला पायजे."

"आणि तो कुणीतरी म्हणजे तुम्ही," नवरा म्हणाला.

"तर काय. माझं पोट हाय त्यावर, खोटं कशाला बोलू? लहान क्लेम गेले आता ॲपकडं. मोठे हायत तोवर ही स्कूटर चालतीया."

त्यांनी अहवालात अपघाताचं कारण मराठीत लिहिलं: 'टेकवलेली सासनकाठी टपावर पडून नुकसान.' शाईच्या पेनानं, सुवाच्य अक्षरात. त्या कागदाचा फोटो काढून तो ॲपवर चढवला आणि मूळ कागदाची एक झेरॉक्स मागितली. नवऱ्याकडं माझ्या देखत मागितली, हे विशेष. तो तीन घेऊन आला.

क्लेम आठवड्यात मंजूर झाला. थोडी कापाकापी झाली, पण गॅरेजवाला म्हणाला ती सगळ्यांचीच होते. मी दारातच गाडी धुतली तेव्हा गल्लीच्या टोकापर्यंत गुलाबी ओघळ गेला आणि काकूंना वाईट वाटलं.

पुढच्या वर्षी पॉलिसीचं नूतनीकरण मी ॲपवरच केलं. ओटीपी आला, व्हिडिओ काढला, दोन मिनिटांत पॉलिसी हातात. मला राग यायला पाहिजे होता, पण खरं सांगायचं तर बरं वाटलं. नवऱ्याला दाखवलं. त्यानं फोन हातात घेऊन चष्मा वर करून पॉलिसी शेवटपर्यंत वाचली, आणि शेवटच्या पानावर कंपनीचा तक्रारीचा नंबर होता तो दुकानाच्या वहीत उतरवून घेतला.