किल्ली नसलेली बेडी

“मॅडम, जरा किल्ली लावा की. बोटं कळंनात मला,” ट्रकचा ड्रायव्हर म्हणाला. मी त्याच्या हातांकडे बघितलं. बोटं निळसर पडली होती. आणि त्या बेडीला किल्लीच नसते.

नळदुर्गजवळच्या एका ढाब्यावरची ही दुपार. मी नवीनच पीएसआय, म्हणजे फौजदार झाले होते. ट्रक आडवा लावण्यावरून दोन ड्रायव्हरांत जुंपली होती. यानं दुसऱ्याच्या डोक्यात टॉमी घातली, म्हणजे चाक खोलायचा लोखंडी दांडा. आम्ही पोचलो तरी गडी आवरेना, म्हणून दोन्ही हात पुढं जुळवून प्लॅस्टिकची बेडी घातली. जखमीला आमच्याच जीपमधून दवाखान्यात पाठवलं.

ही बेडी म्हणजे एक जाड दातेरी पट्टी. ओढली की मागं सरकत नाही, कापूनच काढायची. लोखंडी बेडी कमरेला एकच मावते आणि टोचत राहते. या तीन-चार खोचल्या तरी वजन कळत नाही, म्हणून मला भारी आवडायच्या. घालताना आत एक बोट जाईल एवढी जागा ठेवायची. ती मी ठेवली होती. पण हा हिसके देत राहिला आणि पट्टी आवळत गेली.

ती कापायचा कटर जीपच्या खणात होता. जीप दवाखान्यात.

ढाबेवाल्यानं भाजीची सुरी आणली. पण हा घाबरून हात झटकत होता, शीर कापली गेली असती. ड्रायव्हरचे हात गेले तर त्यानं खायचं काय?

“काका, काहीतरी शोधा हो,” मी हवालदार बिराजदारांना म्हणाले. निवृत्तीला टेकलेला माणूस. बेल्टवर फक्त सरकारी सामान, असं सांगून सकाळीच मी त्यांची पान-सुपारीची चंची बेल्टवरून काढायला लावली होती. त्यांनी ती पँटच्या खिशातून काढली आणि तिच्यातून अडकित्ता.

“ह्याची खालची बाजू बोथट असती, मॅडम. कातड्याला लागत न्हाय.” मग ड्रायव्हरला म्हणाले, “हालू नको बाबा. सुपारी कातरायलोय असं समज.”

मी त्याची कोपरं घट्ट धरली. काकांनी दोन मनगटांमधल्या फटीत बोथट बाजू सरकवली आणि दाबली. पट्टी तुटली.

बोटांत हळूहळू रंग परतला. “मुंग्या आल्या जी,” तो म्हणाला, आणि माझा जीव भांड्यात पडला. मारामारीची खुमखुमी त्याची कधीच उतरली होती. जीप येईपर्यंत तो खाटेवर मुठींची उघडझाप करत बसला.

तेव्हापासून माझ्या बेल्टवर आधी कटर चढतो, मग बेड्या. ज्या बेडीला किल्ली नाही, तिची किल्ली तोच.

दुसऱ्या दिवशी हजेरीनंतर बिराजदारांनी अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, “मॅडम, मग चंचीचं काय ठरलं?”

“खिशातच ठेवा,” मी म्हणाले. “पण घरी विसरून येऊ नका.”