काळ्या कोटाला बोटीवर जागा नव्हती

गिल्बर्ट फ्लेट बिशप म्हणून निवृत्त झाले तेव्हा एकोणसत्तर वर्षांचे होते. वडिलांच्या ‘इझाबेला’ या बोटीवर पाऊल ठेवल्याला त्यांना पंचेचाळीस वर्षं झाली होती.

आमच्या स्कारनेस बंदरात हा नियम कुणाला शिकवावा लागत नाही. पाद्री बोटीवर चढला की जाळं रिकामं येतं. समुद्रावर तो शब्दही काढायचा नाही, ‘काळा कोट’ म्हणायचं; आणि धक्क्यावर तो दिसलाच तर चटकन लोखंडाला हात लावायचा.

गिल्बर्ट पंधराव्या वर्षापासून त्याच बोटीवर हेरिंग मासे साफ करायचे. चोविसाव्या वर्षी पाद्रीपदाची दीक्षा झाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ते सवयीने धक्क्यावर आले, पाद्र्याच्या पांढऱ्या कॉलरसकट. थोरला भाऊ वॉटी दोर सोडत होता.

“थांब, थांब! निघालास कुठे?”

“तुमच्याबरोबर. आणखी कुठे?”

“गळ्यात ते पांढरं बांधून? गिब, तू भाऊ आहेस माझा, पण या सहा जणांना बायकापोरं आहेत.”

 वडिलांनी केबिनच्या दाराच्या लोखंडी कडीला हात लावला. गिल्बर्ट धक्क्यावरच राहिले.

पुढे डंडीच्या ताग गिरण्यांच्या वस्तीत आठ वर्षं, मग डोंगरातली तीन लहान चर्चेस आणि एक खटारा व्हॅन. स्कॉटलंडमध्ये आमचं बिशप मानणारं एपिस्कोपल चर्च मूठभर माणसांचं; शेजारच्या प्रेस्बिटेरियन मंडळींना बिशप ही चीजच मंजूर नाही. चौपन्नाव्या वर्षी गिल्बर्ट बिशप म्हणून निवडून आले. बिशपनं हाती धरायचा दंड वॉटीनं वडिलांच्या वल्ह्यातून घडवला आणि खाली लोखंडी टोपण बसवलं.

“हे कशाला?” गिल्बर्टनी विचारलं.

“तू जवळ आलास की लोखंड शोधत फिरायला नको.”

दर जूनमध्ये बोटींना आशीर्वाद द्यायला ते धक्क्याच्या टोकाला उभे राहत. खालून एकेक बोट जाई. कोळी एका हातानं टोपी काढत. दुसरा हात लोखंडावर असे. ‘इझाबेला’ दिसेनाशी होईपर्यंत बिशप जागचे हलत नसत. एकदाच, त्या बोटीवरून समुद्रावर जायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं. पंधरा वर्षं ते त्यांनी कुणापुढे मांडलं नाही.

निवृत्तीनंतरच्या मार्चमध्ये वॉटीचा फोन आला.

“गुरुवारी तिला मोडीत काढायला नेतोय. येतोस?”

“बोटीवर?”

“नाही, पोहत ये!”

“आणि काळा कोट?”

“जाळी विकली, गिब. आता तू काय बिघडवणार?”

 गिल्बर्टना जाळी असताना जायचं होतं. तरी गुरुवारी ते आले, वडिलांची जुनी निळी जर्सी घालून.

“कॉलर कुठाय?” वॉटीनं विचारलं.

“खिशात.”

“घाल की. खिशात ठेवून कुणाला फसवतोस?”

डांबर आणि डिझेलचा वास तोच होता. भूशिर ओलांडल्यावर वॉटीनं सुकाणू त्यांच्या हाती दिलं. दोन तास त्यांनी ते सोडलं नाही. मग बोटी तोडण्याच्या आवारातली क्रेन दिसू लागली.

“तिच्यासाठी प्रार्थना म्हण,” वॉटी म्हणाला. “पाद्री आहेस ना?”

‘इझाबेला’वर तो शब्द पहिल्यांदाच निघाला. बोलता बोलता वॉटीचा हात केबिनच्या कडीवर गेलाच. गिल्बर्टनी आपलाही हात त्या कडीवर ठेवला आणि प्रार्थना सुरू केली.