वर्तणुकीचा रकाना

शाळा भरायच्या अर्धा तास आधी एस्तेरबाई रिकाम्या वर्गात जाऊन मुलांच्या बाकांवर बसायच्या. एका जागेवर मिनिटभर, मग उठून शेजारच्या जागेवर. आदल्या दिवशी ज्या वर्गाने जास्त छळलं असेल, तो वर्ग. बदली होऊन मी पोलादपूर तालुक्यातल्या त्या शाळेत आलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात हे पाहिलं. मला वाटलं, बाईंचं काही हरवलंय. शोधू का म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "ये, बस. ही त्या शिट्टी मारणाऱ्याची जागा. त्याच्यासाठी प्रार्थना करतेय. गुडघे बघ कसे अडकतात इथे. एवढ्याशा बाकात मला दिवसभर कोंबलं असतं, तर मीही शिट्टी मारली असती."

शाळेत ख्रिस्ती आम्ही दोघेच. त्या नगरकडच्या, नवरा गेल्यावरही पोलादपुरातच राहिलेल्या. रविवारी त्यांच्या खोलीवर आम्ही चार-पाच जण उपासनेला जमायचो. मुलं त्यांना पाठीमागे 'आमेन' म्हणायची. एकदा कुणीतरी पाठीमागून जरा मोठ्यानेच म्हटलं, तेव्हा त्या वळून म्हणाल्या, "अरे, आधी प्रार्थना तर होऊ दे." सगळा व्हरांडा हसला आणि बाईही हसल्या. मला हे कधी जमलं नाही. माझ्यावर हसलेलं मी घरी घेऊन जायचो, जेवताना चघळायचो, सकाळी तेच घेऊन परत यायचो.

माझा आवाज बारीक. नववीचा वर्ग माझ्याकडे आला आणि तो वर्ग मला खाऊ लागला. मी फळ्याकडे वळलो की मागे बाक सरकायचे. सगळ्यांच्या पुढे सोनल. वरच्या वाडीतली, गुरं राखणाऱ्या घरची, रोज डोंगर उतरून येणारी. माझी नक्कल ती इतकी हुबेहूब करायची की शेजारच्या वर्गातल्या बाईंना मीच बोलतोय असं वाटायचं. एकदा मी तिला उभं करून विचारलं की मी आत्ता काय शिकवलं. ती म्हणाली, "सर, तुमचा आवाज फळ्यालाच ऐकू जातो. आमच्यापर्यंत येत नाय." वर्ग किती वेळ हसत होता, ते मला आजही सांगता येईल.

मी नोकरी सोडायच्या गोष्टी करायला लागलो, तेव्हा एस्तेरबाई मधल्या सुट्टीत आपला डबा माझ्यासमोर सरकवायच्या. उपदेश करत नसत, कामाचं बोलल्यासारखं बोलत. "वर्ग जिंकायचा नसतो, सुहास. वर्गात राहायचं असतं." किंवा, "तू फक्त हजर राहा. कोण ऐकतंय, त्याची हजेरी प्रभू घेतो." मी मान हलवायचो. पोळीचा घास गिळायचो आणि मनात सोनलचा चेहरा धरून बसायचो.

तोच वर्ग दहावी झाला. निकालानंतर शाळा सोडल्याचे दाखले लिहायचे होते आणि लिपिक नेमका रजेवर. मुख्याध्यापकांनी वर्गशिक्षकांनाच लिहायला बसवलं. दाखल्यावर वर्तणुकीचा एक रकाना असतो. त्यात 'चांगली' हा शब्द कुणी विचार न करताच लिहितो. चोऱ्या करणाऱ्यांच्या दाखल्यावरही 'चांगली' असतं. सोनलचा दाखला आला आणि मी पेन थांबवलं. घाईत झालं असं मी पुढे स्वतःला खूप सांगितलं. घाई नव्हती. मी चहा मागवला, प्यालो, आणि मग 'असमाधानकारक' असं स्वच्छ अक्षरात लिहिलं. मुख्याध्यापकांनी गठ्ठ्यावर सह्या केल्या, न बघता.

महाडला तिला अकरावीत प्रवेश मिळाला. वसतिगृहात मात्र दाखला वाचला गेला आणि तिला नाही म्हटलं. वाडीवरून रोज महाडला येणं-जाणं शक्य नव्हतं. शिक्षण तिथेच थांबलं.

तिचे वडील शाळेत आले. टोपी हातात घेऊन मला विचारत होते, "सर, काय केलान ओ माझ्या पोरीनं? वाईट नाय ती. तोंडाची हाय जरा." मी म्हणालो, कार्यालयातून काही झालं असेल, बघतो. त्यांनी कागदाची घडी घातली आणि उलट माझीच माफी मागून गेले.

त्यानंतर मला झोप लागेना, वर्गात खडू हातात धरवेना. एस्तेरबाईंना वाटलं, पोरांनी पुन्हा छळलं असणार. त्या धीर देत म्हणाल्या, "प्रभूचा वर्ग बाराच शिष्यांचा. इतकं शिकवलं आणि परीक्षेच्या वेळी, त्याला पकडलं तेव्हा, सगळे पळाले. तरी त्यानं कुणाचं नाव कमी केलं नाही. एकानं, त्याला धरून देणाऱ्यानं, आपलं नाव आपणच कमी करून घेतलं, तेवढंच." मी डबा झाकून उठलो. त्यांनी मला सज्जन, गांजलेला मास्तर समजावं आणि मी ते चालू द्यावं, असं पुढे तीन महिने चाललं.

एका रविवारी उपासनेनंतर बाकीचे गेले आणि मी सांगून टाकलं. एस्तेरबाईंचा चेहरा असा झाला, जसा मी कधी वर्गातही पाहिला नव्हता.

"प्रभूला सांगितलंस?"

"रोज सांगतो."

"त्याला काय सांगतोस? त्याला ठाऊक आहे. पोरीला सांग."

पुढच्या रविवारी आम्ही आंबेनळीच्या रस्त्याला, सोनलच्या वाडीखाली, एस्टीतून उतरलो. बाईंचे गुडघे गेलेले. वाट चढायला लागते तिथल्या कठड्यावर त्या बसल्या आणि म्हणाल्या, वर तुलाच जायचंय.

सोनल अंगणात गवताचा भारा सोडत होती. वडील ओट्यावर होते. मी उभ्यानेच सगळं बोललो. बारीक आवाज आणखी बारीक झाला होता, पण या वेळी पोचला. सोनल म्हणाली, "मला ठाऊक हाय, सर. तुमचं अक्षर वळखते मी. दोन वर्सं फळ्यावर दुसरं काय बघितलं?"

मी विचारलं, मग घरी का नाही सांगितलंस.

"सांगितलेलं. बापूस बोलला, सर कशाला खोटं लिवतील."

वडील उठले आणि माझ्याकडे न बघता गुरांकडे गेले. सोनलने पाण्याचा तांब्या आणून ठेवला. "प्या नि जावा. गाडी चुकंल तुमची."

खाली आलो. बाईंनी काय झालं ते ऐकून घेतलं. मी म्हणालो, माफ केलं नाही त्यांनी. त्या कठड्याला धरून उठल्या. "माफी आणायला नव्हतं पाठवलं तुला. चल, उद्या मुख्याध्यापकांना लिहून द्यायचंय."

लिहून दिलं. लेखी ताकीद मिळाली. दुरुस्त दाखला मी स्वतः महाडच्या वसतिगृहात नेऊन दिला आणि पुढच्या जूनमध्ये सोनल तिथे राहायला गेली. तिचं एक वर्ष गेलं ते गेलंच. बातमी शाळेत पसरली. मुलं पूर्वीसारखीच वागत राहिली, बाक सरकत राहिले. बाई म्हणाल्या, "मग काय, फुलं उधळतील असं वाटलं होतं?"

त्याच जूनमध्ये त्या निवृत्त झाल्या आणि लेकीकडे नगरला गेल्या. गेल्या हिवाळ्यात वारल्या. अंत्यविधीला पाळकांनी विचारलं, आपल्या या एस्तेर बहिणीविषयी कुणाला साक्ष द्यायची आहे का, चार शब्द सांगायचे आहेत का. मी उठलो. बाकांचं सांगितलं, आमेनचं सांगितलं, लोक रडता रडता हसले. दाखल्याचं मात्र गाळलं. खाली बसलो तेव्हा शेजारच्यांनी माझा हात दाबला, छान बोललात म्हणाले. परतीच्या गाडीत मला तो हात कुठे ठेवू ते कळेना.

ती साक्ष अर्धी राहिली होती. उरलेली ही. मुलीचं नाव मी बदललं आहे. माझं बदललेलं नाही.