आर्विडच्या खिशातल्या पेपरमिंटच्या गोळ्या

बायको गेल्यावर गाव आपल्याला किती जीव लावतं, हे आर्विड हॅल्वरस्रूडला गोळ्यांवरून कळलं. म्हणजे त्याला तसं वाटलं. रविवारी प्रार्थना आटोपून आम्ही चर्चच्या तळघरात कॉफीला उतरलो, की जो तो त्याच्या हातावर पेपरमिंटची गोळी ठेवी. "घे की, आर्विड." "अजून एक घे." बिचारा खिसे भरून घरी जाई.

खरी गोष्ट अशी की त्याच्या तोंडाला वास येत होता. पण आम्ही पडलो मिनेसोटाची माणसं. शेजाऱ्याचं घर पेटलं तरी आम्ही "आज तुमच्याकडे जरा ऊब दिसतेय," एवढंच म्हणणार.

त्याची बायको, व्हर्ना, रोज झोपण्याआधी त्याला म्हणायची, "आर्विड, हा कर." मग नाक मुरडून, "जा, परत घास. मी काही बैलाशी लग्न केलेलं नाही." खालची दाढ पडल्यावर इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू घालून केलेला नवा दात, बसवायलाही तिनंच त्याला ओढत नेलं. तो मक्याचं कणीस एकाच गालानं खाई, ते तिला बघवत नसे. ती गेली, आणि 'हा कर' म्हणण्याइतकं जवळ कोणी उरलं नाही. घासताना रक्त येई, तोंड कडवट होई. पण दुखत नव्हतं, आणि न दुखणाऱ्या गोष्टीबद्दल आमच्याकडे कोणी बोलत नाही. दुखणाऱ्याबद्दलही नाही म्हणा.

शेवटी दवाखान्यात दात साफ करणारी सोमाली पोरगी, हमदी, म्हणाली, "आजोबा, वास येतोय हो तुमच्या तोंडाला."

आर्विड बघतच राहिला. "परत म्हण."

"राग आला?"

"छे गं. व्हर्ना गेल्यापासून कोणी म्हणालंच नव्हतं."

इम्प्लांटभोवतीची हिरडी सुजली होती. हमदीनं सळई लावताच रक्त आलं, पूही आला. एक्स-रेत स्क्रूभोवतीचं हाड खचलेलं दिसलं.

"काढणार का?" आर्विडनं विचारलं. "व्हर्नानं बसवून घेतलाय तो."

डॉक्टरांनी दात हलवून पाहिला. "हलत असता तर काढलाच असता. घट्ट आहे अजून. हिरडी उघडून स्क्रू खरवडून धुऊ. गेलेलं हाड मात्र परत येईलच असं नाही. उरलंय ते सांभाळायचं. रोज बारीक ब्रश फिरवायचा, आणि तपासणी चुकवायची नाही."

"गेलेलं परत येत नाही, ते ठाऊक आहे मला," आर्विड म्हणाला.

हिरडी भरून आली. पुढे एका रविवारी कॉफीच्या वेळी आमच्यातल्या आर्डिसनं सवयीनं गोळी पुढे केली. आर्विडनं तिची मूठ मिटली. "गोळी राहू दे. खरं सांग, येतोय का वास?" आणि त्यानं 'हा' केलं.

कोणीतरी घाईनं हवापाण्याचा विषय काढला. आर्डिस लालबुंद झाली, पण वाकली.

"दाताचा नाही," ती म्हणाली. "पण रात्री लसूण हाणलायस."

आर्विड मोठ्यानं हसला. हसता हसता म्हणाला, "तीही लसूण लगेच ओळखायची." मग कॉफीचा कप घेऊन तो खिडकीशी गेला आणि बराच वेळ आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. आर्डिसही गेली आणि त्याच्या शेजारी उभी राहिली. आमच्या मानानं जरा जास्तच जवळ.