बोटांचा फोन

मुलाखतीच्या आणखी एका फेरीत, आणखी एका साहेबांनी अंगठा आणि करंगळीचा फोन करून कानाला लावला. “समजा, मी गिऱ्हाईक. आमचं सॉफ्टवेअर विका मला.” टेबलापलीकडून मीही तसाच हात कानाशी नेला. जेमतेम नाव सांगून झालं असेल, तोच “मी मीटिंगमध्ये आहे,” म्हणत त्यांनी बोटं मिटली. माझा हात कानालाच राहिला.

लहानपणी ताई आणि मी असाच फोन तासन्‌तास खेळायचो. काय बोलायचो देव जाणे, पण मध्येच कुणी ठेवून दिल्याचं आठवत नाही. आता नोकरीसाठी तेवढंच शिकायचं आहे. समोरच्यानं ठेवला, की वाईट न वाटता पुढचा नंबर लावायचा.

“कळवतो,” साहेब म्हणाले.

खाली उतरताना आईचा फोन आला. “कसं झालं गं?”

“मी मीटिंगमध्ये आहे,” म्हणाले आणि ठेवून दिला.