नव्या यंत्रात जुनं यंत्र

वसुमती बेनाडीकर मूळची निपाणीची. गणितात एम.एस्सी. होऊन ती बंगळूरच्या एका सरकारी संशोधन संस्थेत लागली आणि तिथल्या खोलीभर पसरलेल्या संगणकात रमली. चालू होताच एकामागून एक कामं हाती घेणारी मूळ प्रणाली तिनेच त्यावर बसवली होती, वर्षानुवर्षं सुधारत आणली होती. सगळी चुंबकीय फितींवर.

अडुसष्ट साली परदेशातून नवं, वेगवान यंत्र आलं. त्यात जुन्या यंत्राचं सोंग घ्यायची सोय होती. म्हणजे जुनी प्रणाली जशीच्या तशी त्यावर चढवता येणार होती. ती चालल्याशिवाय जुन्याला हात लावायचा नाही, असं ठरलं होतं. मे महिन्यात वसुमती भावाच्या लग्नाला जाऊन आली, खोलीचं दार उघडलं आणि उंबऱ्यातच थिजली. जुनं यंत्र नव्हतं. फरशीवर त्याच्या पायांचे चौकोनी डाग तेवढे उरले होते.

"यल्लाप्पा, यंत्र कुठं गेलं?"

यंत्र चालवणारा यल्लाप्पा खाली बघत म्हणाला, "लॉरी आली होती, अक्का. साहेबांनी भंगारात दिलं."

ती तशीच साहेबांच्या खोलीत गेली. विभागप्रमुख मधुकरराव मात्र निवांत होते. "फिती आहेत ना? चढवा नव्यावर."

फीत लावली. नव्या यंत्राने ती वाचलीच नाही. जुन्या फितीवर माहितीच्या सात रांगा, नव्याला नऊ लागत. हे आधी कुणीच पाहिलं नव्हतं, तिनेही नाही.

"म्हणजे... सगळं गेलं?" मधुकररावांचा चेहरा पांढराफटक पडला. तिने फीत उतरवून पेटीत ठेवली.

हैदराबादच्या एका कार्यालयात तसलंच जुनं यंत्र अजून चालू होतं. फितींची पेटी मांडीवर घेऊन ती तिकडे गेली. फितींवरचं सगळं भोकं पाडलेल्या कार्डांवर उतरवून आणलं, कारण कार्डं दोन्ही यंत्रं वाचत.

यल्लाप्पाने कार्डांची चवड, शेवटी एक नेहमीचं गणित लावून, नव्या यंत्रात घातली. जरा खडखडाट झाला आणि सगळं शांत.

"बंद पडलं!" ती ओरडली.

"नाही अक्का, झालं! हे बघा!"

कागदावर जुनं यंत्र चालू होताच छापायचं ती ठरलेली पहिली ओळ होती आणि खाली त्या गणिताचं अचूक उत्तर. जुन्याला त्यासाठी अख्खी दुपार लागायची. ती कागद हातात घेऊन ती ओळ पुन्हा वाचू लागली. मधुकररावांनी पाण्याचा पेला पुढे केला. कागदावरची नजर न काढता तो घेताना निम्मं पाणी तिच्या साडीवर सांडलं.